डोरलं, गोधडी आणि केकाटणारं यंत्र

आमच्या नदीत पाण्यापेक्षा लोखंड जास्त आहे, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पाण्याखालचा धातू हुडकणारं यंत्र मी मागवलं, ते घाटनांदूरला कुरियरवाल्याकडून घेतलं आणि तसाच पात्रात उतरलो. पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरचे नट, बैलाच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या आणि एक अख्खी सायकल निघाली. सायकलीची घंटी वाजत होती. तुमचा विश्वास बसत नसेल तर राहू द्या, डोळ्यांनी बघून बायकोचाही बसला नाही.

"ह्या दांडक्यापायी घराचं भंगार झालंय," ती म्हणायची. "दसरा झाला की भंगारवाल्याला देते बघा, यंत्रासगट!"

घट बसायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर जातं. भिजलेली गोधडी उचलण्यापेक्षा रुसलेली म्हैस पाण्यातून काढणं सोपं. मी आपटत होतो, बायको पिळत होती, वडील काठावर वाळत घातलेली पांघरुणं राखत बसले होते. एकाएकी बायकोचा हात गळ्याशी गेला. मंगळसूत्राचा दोरा तुटला होता. काळे मणी पदरात अडकलेले, डोरलं गायब. माझ्या आईचं डोरलं. जाण्याआधी तिनं स्वतःच्या हातानं सुनेच्या गळ्यात ओवलेलं.

"उद्या घट बसवायचेत," बायको एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी घराकडे असा पळालो, की वाटेत एक मोटारसायकल मागं टाकली. यंत्र आणून गुडघाभर पाण्यात उतरलो. यंत्राची थाळी तळाशी फिरवली. टूंऽऽ! हात घातला, तर मोडका विळा. टूंऽऽ! पुलावरून कुणीतरी नदीला वाहिलेलं नाणं. टूंऽऽ! बाटलीचं झाकण. तोवर गुप्तधन निघतंय म्हणून गावात बोभाटा झाला होता आणि काठावर जत्रा भरली होती.

"हंडा लागला का बे?" शेजारचा दोस्त ओरडला.

"लागला की! पर रिकामा हाय, तुझ्या डोक्यावानी!"

सूर्य कलला. पाणी गढूळ होऊन चहासारखं झालं. बायको काठावर बसून होती. 'भंगार' हा शब्द तिनं एकदाही काढला नाही, तिथंच माझं अवसान गळालं. बाहेर आलो आणि चालू यंत्र जवळच्या ओल्या गोधडीवर टेकवलं. ते असं केकाटलं, की पलीकडच्या तीरावरच्या शेळ्या उधळल्या.

"गोधडीत हाय!" मी दोन्ही हातांनी फाडायलाच निघालो.

"फाडतो कावून?" वडील कडाडले. "तुझ्या आयचे टाके हायेत. उसव नीट."

बायकोनं दातांनी दोरा तोडला, एकेक टाका काढला, बोटं आत घातली. बाहेर निघाली गंजकी सुई! नेढ्यात लाल दोरा तसाच. सगळा काठ हसला. माझा दोस्त तर वाळूत लोळला. बायकोचे डोळे भरले. वडील मात्र ताठ उभे राहिले.

"लई वरसं झाली वरडतोय मी, पाठीला टोचतंय म्हणून! तुमी म्हणायचे, म्हातारपण टोचतंय!"

मी सुई त्यांच्या हातात दिली आणि यंत्र पुन्हा गोधडीवरून फिरवलं.

टूंऽऽ!

आता कुणी हसलं नाही. कोपऱ्यात जुनी शिवण उसवलेली होती. बायकोनं त्या भोकातून कोपरापर्यंत हात घातला, ओल्या चिंध्या चाचपल्या आणि मूठ बाहेर काढली. मुठीत डोरलं! पिळताना दोरा तुटून ते नेमकं तिथून आत गेलं होतं. मी आरोळी ठोकली, ती धर्मापुरीच्या देवळात ऐकू गेली म्हणतात. म्हणणारा मीच.

दुसऱ्या दिवशी डोरलं घालून बायकोनं घट बसवले. खंडेनवमीला कोयता, खुरपं, विळ्याच्या रांगेत तिनं यंत्रही मांडलं.

"भंगारवाला?" मी हळूच विचारलं.

"येनार हाय. पर निसती सायकल न्यायला," म्हणाली आणि यंत्राला हळदीकुंकू लावलं.

वडिलांनी यंत्राशेजारी सुई ठेवली. मग माझ्याकडे पाठ करून बसले.

"ह्या पाठीलाबी बोट लाव," म्हणाले. "यंत्राच्या आधी वाजली ती हीच."

मी त्यांच्या बंडीवर कुंकवाचं बोट ओढलं. तो डाग अजून निघालेला नाही, आणि वडील तो काढू देत नाहीत.