मेगनचा मायना

माझ्यासारख्याने कुणावर लिहावे की नाही, मला कळत नाही. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. निबंधापलीकडे काही लिहिलेले नाही. चुकेल ते सांभाळून घ्यावे. पण चाचांबद्दल दुसरे कुणी लिहील असे वाटत नाही.

चाचा तांदूळ निवडताना एकेक दाणा उजेडाकडे धरून पाहत. कुवेतला, मिरकाब भागातल्या खोलीत आम्ही पाच जण भुकेने कासावीस, पण त्यांना घाई नसे. तरुणपणी ते मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे मोती निवडत. तो धंदा बसला, सवय राहिली. आता हे रत्नागिरीकडचे चाचा एका कचेरीत चहा करत; मी तिथेच टायपिस्ट होतो.

त्यांना विषमज्वर झाला तेव्हा इस्पितळातल्या सिस्टर मेगनने रात्रंदिवस शुश्रूषा केली. ती वेल्सची. "म्हणजे इंग्लंडच ना?" असे मी विचारले तर रागावली, का, ते मला समजले नाही. बरे झाल्यावर चाचांनी ठरवले, लेकीला मुलगी झाली तर नाव मेगन. मुलगीच झाली.

"चाचा, आता नातीला फ्रॉक शिवा!" खोलीतले चिडवत. "आयेशा ठेवा नि सुटा."

"मायना चांगला तर नाव चांगलं," चाचा म्हणत; मायना म्हणजे त्यांच्या बोलीत अर्थ. "पण मायना कळल्याबिगर ठेवायचं नाय." त्यांनी गावी कळवले, बारशाचा अकीका थांबवा.

सिस्टरला विचारायला ते मला घेऊन गेले. ती म्हणाली, "आजीचं नाव होतं, म्हणून माझं. अर्थ नाही ठाऊक."

"एवढी शिकलेली बाई," बाहेर येऊन चाचा म्हणाले, "नि आपल्याला काय म्हणून हाक मारतात ते म्हायत नाय?"

मीही गोंधळलो. माझ्या नावाचा अर्थ मला तरी कुठे ठाऊक होता?

सिस्टर रजेवर मायदेशी निघाली होती. आईला विचारून कळवीन म्हणाली. पत्र यायच्या आतच मी कॉलेजसाठी परतलो. बंदरावर चाचा म्हणाले, "कागद आला की तुलाच धाडीन. ही पोरं वाचतील नि मस्करी करतील."

गेल्या आठवड्यात त्यांच्या लेकीचे पाकीट आले. 'अब्बा वारले. कुवेतहून त्यांची पेटी आली, तीत तुमचे नाव घातलेला हा कागद होता. टपालात टाकायचा राहिला. मुलगी सव्वा वर्षाची झाली, अजून सगळे बायच म्हणतात. काय लिहिले आहे ते कळवा, म्हणजे नाव ठेवू.'

आत सिस्टरच्या चार ओळी होत्या. मेगन हे मार्गारेटचे वेल्समधले लाडके रूप. मूळ अर्थ, मोती.