शंभर टक्के दिसणारा जालिंदर

दोहात जालिंदर कुणाला दिसत नाही, असं म्हणायची सोयच नव्हती. टॉवरच्या सिक्युरिटीवाल्याला तो पन्नास पावलांवरून दिसायचा आणि लगेच हात हलायचा, मागच्या दारानं जा, सामानाची लिफ्ट तिकडं आहे. सुपरवायझरला तो मोबाईलच्या नकाशावर दिसायचा, चहाला दोन मिनिटं टेकला तरी दिसायचा. अल रय्यानमधल्या एका व्हिलातल्या मांजरालाही दिसायचा, कारण त्याच्या गाडीवरच्या पेटीत बऱ्याचदा तळलेले मासे असायचे. दिसायचा नाही तो फक्त गाडी चालवणाऱ्यांना. आता दिवसाचे दहा तास ज्याला गाड्यांच्याच मधून जायचंय, त्याला मांजरानं ओळखून काय उपयोग?

माणूस बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. वय एकेचाळीस, अंगानं काटक, बोलणं मोजकं. गावाकडं दुधाचे कॅन मोटारसायकलला बांधून रोज चाळीस किलोमीटर खड्डे तुडवलेले, त्यामुळं गाडीवर हात बसलेला. कतारला येऊन नऊ वर्षं झाली आणि त्यातली सहा लोकांच्या दारात गरम जेवण पोचवण्यात गेली. सहा वर्षांत एक तक्रार नाही. ओल्ड एअरपोर्टला सहाजणांच्या खोलीत वरचा पलंग त्याचा, खालचा लातूरच्या बाबूचा. बाबू हमद पोर्टवर ट्रेलर चालवायचा, आणि आपण मोठ्या चाकांवर बसतो म्हणून आपल्याला अक्कलही मोठी आहे, असं त्याचं मत होतं.

गावाकडं बायको, सत्यभामा. तिचा एक दंडक होता. सकाळी गाडीला किक मारायच्या आधी अंगात जाकीट घालून फोटो पाठवायचा. जाकीट म्हणजे ते हिरवट पिवळं, भडक, छातीवर आणि पाठीवर चमकणाऱ्या चंदेरी पट्ट्यांचं. फोटो आला की तिचा निरोप यायचा, "दिसताय. जावा आता." एखाद्या दिवशी फोटो राहिला तर दुपारपर्यंत फोनवर फोन. जालिंदर वैतागायचा, पण फोटो चुकवायचा नाही. नऊ वर्षांत बाईनं नवऱ्यापाशी मागितलेली रोजची वस्तू एवढीच होती.

आणि यंदा डिसेंबरात सत्यभामा स्वतः येणार होती. पहिल्यांदाच. व्हिसा झाला, तिकीट झालं, आणि एका ओळखीच्या कुटुंबानं सुट्टीवर जाताना आपलं घर पंधरा दिवस वापरायला दिलं. बाबूनं विचारलं, "वैनीला काय दाखवणार?" जालिंदर म्हणाला, "समुद्र." एवढं बोलून तो लाजला.

आता कंपनीकडं वळू. कंपनीत सेफ्टीचे प्रमुख होते पुण्याचे संजीव सर. आपल्याकडं म्हण आहे, उंटावरून शेळ्या हाकणं. इथं उंटांना तोटा नाही, पण संजीव सरांना चौदावा मजला पुरायचा. मोटारसायकलशी त्यांचा शेवटचा संबंध कॉलेजात आला होता, तोही मागं बसण्यापुरता. दर नोव्हेंबरात ते सेफ्टी वीक करायचे. यंदाचं घोषवाक्य त्यांनी स्वतः रचलं होतं, चार भाषांत छापून घेतलं होतं: जाकीट घाला, शंभर टक्के दिसा.

पहिल्या दिवशी सगळ्या रायडरना बोलावलं. मीटिंग रूमचे दिवे मालवले, पडदे ओढले आणि संजीव सरांनी एका जाकिटावर बॅटरी मारली. पट्ट्या अशा लखलखल्या की लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवे लागल्यावर जालिंदरनं हात वर केला. "सर, दिवसा उजेडी काय? आन् पाठीमागं ही भलीमोठी पेटी असती. मागच्या गाडीला पेटीच दिसनार, पाठीवरच्या पट्ट्या तर पेटीच्या आड जात्यात."

"चांगला मुद्दा आहे," संजीव सर म्हणाले, "नंतर घेऊ."

ते नंतर काही आलं नाही. जालिंदरनं मग आपल्या बुद्धीनं पेटीवरच चमकती टेप चिकटवली. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून ताकीद आली, टेपमुळं कंपनीचा लोगो झाकला जातोय, काढून टाका. त्यानं काढली. माणूस दिसला नाही तर चालेल, लोगो दिसला पाहिजे. अहो, कंपनी चालायची ती कशावर?

त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी चार वाजता, व्हायचं ते झालं.

अल रय्यानच्या एका रस्त्यावर खोदकाम चाललं होतं. कडेला पिंपांची रांग, आणि दहा-बारा कामगार. सगळ्यांच्या अंगात तेच हिरवट पिवळं जाकीट, त्याच चंदेरी पट्ट्या. पलीकडं पेट्रोल पंप. पंपातून एक पांढरी मोठी गाडी बाहेर निघाली. चालवणाऱ्यानं थांबून डावीकडं नीट पाहिलं. त्याला काय दिसलं? पिवळ्या जाकिटांची रांग, रोजच्यासारखी, उभी. त्या रांगेतलं एक जाकीट चाळीसच्या वेगानं आपल्याकडं येतंय, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. त्यानं गाडी पुढं काढली. जालिंदरनं ब्रेक दाबला, हँडल वळवलं, गाडी वाळूवरून घसरली आणि त्याचा उजवा पाय खाली सापडला.

मग जे झालं ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. खोदकामाचा मुकादम धावत आला, त्यानं जालिंदरला उचलून सावलीत बसवलं, पाणी पाजलं आणि दरडावलं, रस्त्याच्या मधे कशाला गेला होतास, तुझी टोळी कुठली? त्याला वाटलं, आपलाच माणूस. दवाखान्यात नेईपर्यंत जालिंदरचं नाव त्याच्या हजेरीतही लागलं असतं.

आणि त्या पांढऱ्या गाडीतून उतरलेला माणूस कोण? गिरीश देशपांडे, नाशिकचे, जालिंदरच्याच कंपनीचे अकाउंट्स मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. त्यांची नजर त्या सुजलेल्या पायावरून हटत नव्हती, अंगात काय आहे ते त्यांनी पाहिलंही नाही. "मी पाहिलं हो," ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले, "शपथेवर सांगतो, रस्ता मोकळा होता." स्वतःच दवाखान्यात घेऊन गेले. तिथं घोट्याला तडा निघाला. फाटकं, धुळीनं माखलेलं जाकीट आतल्या खोलीत कापून काढलं आणि ते कचऱ्यात गेलं.

गाडीच्या विम्याचं मोबाईलवर दहा मिनिटांत मिटलं. पण कंपनीचा नियम निराळा होता. रायडरच्या अंगात अपघाताच्या वेळी जाकीट नसेल, तर खलास, नोकरी गेली, व्हिसा रद्द, पुढच्या विमानानं घरी. आणि फॉर्मवर गिरीशनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: मला जाकीट दिसलं नाही.

संजीव सरांनी त्यावरून जो हिशेब मांडला, तो ऐकण्यासारखा आहे. जाकीट घातलेला माणूस शंभर टक्के दिसतो. जालिंदर दिसला नाही. त्याअर्थी जालिंदरनं जाकीट घातलं नव्हतं. झालं. मुकादमाला फोन केला, तर तो म्हणाला, इथं जाकीटवाले सगळे माझेच होते, मोटारसायकलवाला मी पाहिलाच नाही. जालिंदरनं त्या दिवशीचा सकाळचा फोटो पाठवला. उत्तर आलं, फोटो सकाळी साडेनऊचा आहे, अपघात चारचा, मधे गरम झालं म्हणून काढलं नसेल कशावरून? आता या माणसाला काय म्हणावं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ते असंच.

बाबू म्हणाला, "साहेबाचे पाय धर."

"माझाच एक धड न्हाई," जालिंदर म्हणाला, "त्येचे कुठं धरू?"

पण आतून तो हादरला होता. महिन्याभरात सत्यभामा विमानात बसणार आणि त्याच सुमारास आपण उलट्या विमानात, हे चित्र त्याला झोपू देईना. तिला त्यानं अपघाताचं कळवलंच नाही. बाबूकडून जुनं जाकीट घेऊन रोज सकाळी पलंगावर बसून कमरेपासून वरचा फोटो पाठवायचा. तिकडून यायचं, "दिसताय. जावा आता." मग तो प्लॅस्टरचा पाय उशीवर ठेवून भिंतीकडं तोंड करायचा. नऊ वर्षांत त्याला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

चौकशी लागली तेव्हा डिसेंबर उजाडला होता आणि पायाचं प्लॅस्टर निघून पट्टी आली होती. सेफ्टी वीक वाढवून त्याचा आता सेफ्टी महिना केला होता, आणि सर्क्युलर होतं की महिनाभर ऑफिसात येणाऱ्या रायडरनं पूर्ण गणवेशात यायचं, हेल्मेटसकट. जालिंदर हुकमाचा ताबेदार. नवं जाकीट, डोक्यात हेल्मेट, काच खाली, असा लंगडत तो पंधरा मिनिटं आधीच पोचला. रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं, मीटिंग रूममध्ये बसा.

मीटिंग रूममध्ये संजीव सरांचं प्रदर्शन अजून तसंच होतं. भिंतीला लागून कपड्यांच्या दुकानातले चार पुतळे, चौघांना जाकीट, चौघांच्या डोक्यावर हेल्मेट. टेबलाभोवतीच्या खुर्च्या साहेबांच्या. एक प्लॅस्टिकची खुर्ची दुसऱ्या आणि तिसऱ्या पुतळ्याच्या मधे होती. पाय ठणकत होता. तो तिच्यावर बसला, हात मांडीवर ठेवले आणि वाट पाहू लागला.

संजीव सर आले. मोबाईलवर बोलतच आले, लॅपटॉपची बॅग त्याच्या पायाशी ठेवली आणि टेबलाकडं वळले. मागोमाग एचआरच्या तसनीम मॅडम, हैदराबादच्या, टाइप करायला. शेवटी गिरीश. त्यांनी दारात थांबून सगळ्या खोलीवर नजर फिरवली आणि विचारलं, "रायडर नाही आला?"

जालिंदर बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात संजीव सर म्हणाले, "नाही येणार. मला वाटलंच होतं. ज्यानं जाकीट घातलंय तो घाबरेल कशाला?"

त्या वाक्यावर जालिंदरनं उघडलेलं तोंड मिटलं. मनाशी म्हणाला, बघू तरी. माणूस मोजका बोलणारा खरा, पण आष्टीचा होता, एकदा हट्टाला पेटला की पेटला.

दहा मिनिटं चाललं. संजीव सर सांगत होते, तसनीम मॅडम टाइप करत होत्या. रायडर गैरहजर. जाकीट नव्हतं, हे निष्पन्न. गिरीश मधेच म्हणाले, "संजीव, मला ते नीट वाटत नाही. दिसलं नाही म्हणजे नव्हतंच, असं कसं?"

"अरे, तू स्वतः लिहिलंयस. आणि शंभर टक्के दिसतं, ते आपणच छापलंय ना?" संजीव सरांनी भिंतीवरच्या पोस्टरकडं बोट दाखवलं. पोस्टर जालिंदरच्या डोक्यावर वीतभर होतं. तिघांनीही तिकडं पाहिलं. पोस्टर पाहिलं.

तेव्हा पुतळ्यांमधला एकजण उभा राहिला. तसनीम मॅडमच्या हातून पाण्याचा ग्लास निसटला.

जालिंदरनं हेल्मेट काढलं. "सर, मी हितंच हाय."

गिरीशचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्ही... केव्हापासून?"

"तुमच्या आधीपासून, साहेब," जालिंदर म्हणाला. "त्या दिवशी रस्त्यावर बी मी तुमच्या आधीपासूनच व्हतो."

मग त्यानं छातीवरचं जाकीट दोन बोटांत धरलं. "आता हे अंगात हाय का न्हाई, तेवढं मॅडमला टाइप करायला सांगा."

संजीव सरांनी पोस्टरकडं पाहिलं, जालिंदरकडं पाहिलं, पुन्हा पोस्टरकडं पाहिलं. गिरीश मात्र उठले. "लिहा मॅडम. मी पाहिलं आणि मला तो दिसला नाही. जाकीट त्याच्या अंगात होतं. चूक माझी आहे." जालिंदरला त्यांची कीव आली, आणि त्या दुपारनंतर पहिल्यांदाच त्याचा राग उतरला.

नोकरी राहिली. चौकशीतून धडा काय घेतला गेला, तेही सांगायला हवं, नाहीतर संजीव सरांवर अन्याय होईल. पेटीवर टेप लावायची परवानगी मिळाली नाही, लोगोचा प्रश्न होता. गाडी चालवणाऱ्या साहेबलोकांना दोन शब्द सांगावेत, हे गिरीशनी सुचवलं, ते नंतर घ्यायचं ठरलं. एकमतानं ठराव झाला की जाकीट पुरेसं भडक नव्हतं. आठवड्याभरात नवं आलं. दोन पट्ट्या जास्त, आणि छातीवर लुकलुकणारा लाल दिवा. पोस्टरही नवं आलं. त्यावर आता होतं: एकशेदहा टक्के दिसा.

सत्यभामाचं विमान सकाळी दहाला उतरलं. जालिंदर ड्यूटीतूनच एअरपोर्टला गेला, ते नवं जाकीट तसंच अंगात. बाहेर येणाऱ्यांच्या दारापाशी ही गर्दी. ट्रॉली ढकलणारे, फरशी पुसणारे, बसकंपनीची माणसं, आणि जो तो पिवळ्या-हिरव्या जाकिटात. जालिंदरला धास्ती वाटली. सहा वर्षांत ती फोटोतल्या जाकिटालाच ओळखायला शिकली असणार, इतक्या जाकिटांत कशी शोधणार? तो दिवा चालू करून पुढं सरकायला लागला, लोकांमधून वाट काढत.

दारातून ती आली. हिरवं लुगडं, हातात पिशवी, नजर समोर. एकदाही इकडंतिकडं न बघता सरळ त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"वळकलंस व्हय?" तो म्हणाला. हसायला लागला. "ह्यो दिवा लांबून दिसतो म्हनं."

सत्यभामानं दिव्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती खाली बघत होती.

"आवं," ती म्हणाली, "पाय का वडताय?"

तिनं पिशवी खाली ठेवली आणि भर गर्दीत वाकून त्याच्या घोट्याला हात लावला. जालिंदर दोन वेळा "काय न्हाई, काय न्हाई" म्हणाला, आणि तिसऱ्यांदा म्हणता म्हणता त्याचे डोळे भरून आले.

"कवा झालं ह्ये?" तिनं विचारलं.

मग तो तिला सांगायला लागला.