लाईट गेल्यावरचे मासे

आज दुपारी लाईट गेली, काचेच्या टाकीतल्या पंपाची गुरगुर थांबली आणि मला गंगाखेडच्या घरातली एक उन्हाळी दुपार आठवली.

तेव्हाही पंप असाच बंद पडला होता. माझ्या मुलीचे गोल्डफिश पाण्यावर तोंडं काढून धापा टाकायला लागले. सासरे बाजेवरून उठून आले. सासूबाई गेल्यापासून ते कुणाशी फारसं बोलत नसत.

"पाणी लय तापलंय. दम कोंडायलाय त्यांचा," म्हणत त्यांनी तांब्या घेतला आणि ते टाकीतलंच पाणी उंचावरून धार धरून परत टाकीत सोडायला लागले, पाण्यात हवा मिसळावी म्हणून.

"मामा, द्या इकडं, मी करते."

"ऱ्हाऊ दे. तू खिडकीला ओला टावेल लाव."

हळूहळू मासे खाली जाऊन पोहू लागले. तरी मामांचा हात चालूच होता. ते माशांना काहीबाही सांगत होते. सासूबाईंच्या हातची अंबाडीची भाजी, त्यांचं रागावणं, शेवटचं आजारपण.

तेव्हा मला वाटलं, नातीसाठी एवढा खटाटोप चाललाय. आज तसं वाटत नाही.

त्या दुपारी शेवटी लाईट आली, पंप सुरू झाला. मी तांब्यासाठी हात पुढं केला.

"जरा दम धर," ते म्हणाले, "बोलणं अर्धंच झालंय."