दोन गटांची चार चाकं

आमच्या सोसायटीच्या जीपला चार चाकं होती, पण ती एका जीपची नव्हती. हे आज कुणाला सांगितलं तर हसतात. हसा बाबांनो. मला अजून हसू येत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात येरमाळ्याच्या अलीकडं आमच्या गावात दूध सोसायटी होती आणि मी तिच्या जीपवर ड्रायव्हर होतो. जीप मिलिटरीच्या लिलावातली, फोर-व्हीलची. जनावरंच राहिली नाहीत तर दूध कुठलं? म्हणून जीपमागं ट्रेलर जोडला, त्यात पाण्याची टिपाडं ठेवली आणि मी लांबच्या तलावावरून माळावरच्या वस्तीला पाणी नेऊ लागलो. वस्ती पार डोंगरावर. शेवटचा चढ नुसता खडक. फोर-व्हील टाकल्याशिवाय तिथं गाडी चढायचीच नाही.

त्या वस्तीवर माझी थोरली बहीण दिलेली, आमची आक्का. वस्तीतली बरीच माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली होती, दाजीही गेले होते. आक्काला जाता येईना. सासू अंथरुणाला खिळलेली, पोरं लहान. म्हातारीला डोंगरावरून हलवायची काही सोय नव्हती. मी पाणी नेलं तर वस्तीवर मागं राहिलेली चार घरं जगणार, नाही नेलं तर संपलं. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेवढं एकच असायचं.

अन् नेमके तेव्हाच टायर संपले. चारही गुळगुळीत, तारा बाहेर आलेल्या. बोर्डाची मीटिंग बसली. बोर्डात दोन गट, वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा. आमच्याकडं सगळं निम्मं-निम्मं व्हायचं. शिपाई एक तुमचा, एक आमचा. चहासुद्धा या मीटिंगला यांच्या हाटेलातून, तर पुढच्या मीटिंगला त्यांच्या. आता टायर कोण आणणार? दोन्ही गटांचे पाहुणे टायरच्या धंद्यात! दुपारभर बोंबाबोंब झाली आणि शेवटी चेअरमनसाहेबांनी तोड काढली. पुढचे दोन टायर वरच्या आळीनं आणायचे, मागचे दोन खालच्या आळीनं. सगळ्यांनी माना डोलावल्या. न्याय झाला म्हणे.

वरच्या आळीनं बार्शीहून आणले ते बारके. खालच्या आळीनं सोलापूरहून कुठल्या तरी मोठ्या गाडीचे आणले. ते आमच्या रिंगवर बसेनात, म्हणून रिंगसकट दुसरी चाकंच आणली. बोल्टाची भोकं जुळली, म्हणजे झालं. जीप पुढं वाकून उभी राहिली, पाया पडणाऱ्या सुनेसारखी. सगळे हसले, मीही हसलो. सडकेवर पळवून बघितली, झकास पळाली. कुणाच्या डोक्यात काही आलं नाही, माझ्याही नाही. चेअरमनसाहेबांनी नारळ फोडला.

पळेल नाही तर काय? तोवर फोर-व्हील टाकलाच नव्हता. सडकेवर मागचीच चाकं ओढतात. फोर-व्हीलचा दांडा ओढला की पुढचा आणि मागचा आस आतून एकमेकाला जुंपले जातात, दोघांनी सारखंच फिरायचं. पण तेवढीच वाट कापायला बारक्या चाकाला जास्त फिरावं लागतं. मातीत चाक जरा घसरतं आणि निभावून जातं. खडकावर घसरणार कुठं? मग आतल्या आत ओढाताण. हे सगळं मला मागाहून एका मिस्त्रीनं सांगितलं. तेव्हा कळून काय डोंबल उपयोग!

भरल्या टिपाडांनिशी मी चढाला लागलो, दांडा ओढला. अर्ध्या चढावर स्टेअरिंग जड झालं, जीप कण्हायला लागली. दांडा काढायला गेलो तर जाम, निघेना. मागं घ्यावी तर ट्रेलर दरीकडं वळायला लागला. वर कडेला आक्का उभी दिसत होती, कमरेवर घागर घेऊन. मी एक्सलेटर दाबला. खालून काड्कन आवाज आला. इंजिन फिरत राहिलं, चाकं थांबली. ब्रेक दाबून धरला, हाका मारल्या, तशा वस्तीवरच्या बायका धावत उतरल्या आणि त्यांनी चाकांना धोंडे लावले. टिपाडांतलं पाणी त्यांनी घागरी-घागरीनं वर नेलं. जीपनं नेलेलं ते शेवटचं पाणी.

बोर्ड पुन्हा बसलं. वरची आळी म्हणाली, "तुमच्या थोराड चाकांनी गिअर खाल्ले." खालची आळी म्हणाली, "तुमच्या बारक्यांनीच घात केला." मी उठून हात जोडले. "साहेब, भांडण मागनं करा. वर माणसं हायेत. आधी गाडीचं बघा."

"तू डायवर हायस, डायवरसारखा ऱ्हा," असं मला तोंडावर ऐकवलं. आणि मग त्यांनी काय करावं? वरच्या आळीची माणसं चढावर गेली आणि पुरावा म्हणून आपली पुढची दोन चाकं काढून घेऊन आली. ते कळल्यावर खालच्या आळीनं मागची दोन काढली. जीप धोंड्यांवर बसली. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मग मी सायकल काढली. खालच्या विहिरीवर दिवसभर नंबरात उभं राहिलं की दोन डबे मिळायचे. ते सायकलला बांधायचे, चढ आला की सायकल टाकायची आणि डबे खांद्यावर घ्यायचे. चार घरांना ते किती पुरणार? "गाडी कधी येनार रं?" आक्का रोज विचारायची. "येईल दोन दिसांत," मी रोज म्हणायचो. एकदा म्हातारीनं आतून विचारलं, "पाव्हणं, पानी गार हाय का?" मी म्हणालो, "व्हय मावशी, गार हाय." उन्हानं डब्याचा हाताला चटका बसत होता.

एक दिवस चढून गेलो तर आक्का दारात बसलेली. रडत नव्हती. "आत्याबाई गेल्या," म्हणाली.

मेलेल्या माणसाला आंघोळ घातल्याशिवाय आपल्यात उचलत नाहीत. शेजारणी माझ्या डब्यांकडं बघत होत्या. पोरंही डब्यांकडंच बघत होती. मी एक डबा उचलून म्हातारीजवळ नेला, तसा आक्कानं माझा हात धरला. तिनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं, डब्यावरच पिळलं, आणि म्हातारीचं तोंड पुसलं. मग हात पुसले, पाय पुसले. मग डबा पोरांपुढं सरकवला.

"प्या रं," ती म्हणाली. "आजीची आंघोळ झाली."