बिनआवाजाचा डिस्को

प्रीतम गजभियेंना ऐकू येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांच्याशिवाय नागपुरातल्या अख्ख्या मानेवाड्याला ठाऊक होती. खरं म्हणजे त्यांनाही ठाऊक होती, पण कबूल करतील तर ते गजभिये कसले! उभा जन्म बुटीबोरीच्या कापड कारखान्यात गेला. मागांच्या खात्यात सगळी यंत्रं एकदम धडधडायला लागली की माणूस माणसाशी हातवाऱ्यांनीच बोलतो. त्या धडधडीनं कान कधी खाल्ले ते कळलंच नाही. मग रिटायर झाल्यावर त्यांनी एक युक्ती काढली. समोरचा काहीही म्हणो, मान डोलवायची आणि म्हणायचं, "हो हो, बरोबर हाये."

या 'हो हो'नं काय काय करून ठेवलं म्हणता! शेजारी गावाला जाताना काहीतरी विचारून गेले, आणि महिनाभर त्यांचा पोपट गजभियेंच्या घरी मिरच्या कुरतडत बसला. वस्तीच्या स्नेहसंमेलनात तर ते संत्रं होऊन स्टेजवर उभे राहिले, डोक्यावर हिरवं पान लावून. बरं, बक्षीस पण मिळालं.

जयवंताबाई मात्र 'हो हो'वर भागवणाऱ्यातल्या नव्हत्या. संसार करायचा तर उत्तर पाहिजे, म्हणून त्या ओरडत. भाजी कोणती करू, हेसुद्धा असं ओरडून विचारत की कोपऱ्यावरचा पानठेलेवाला तिथूनच म्हणे, "वांगे करा, काकू." येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, गजभियेंकडे रोजची भांडणं. आणि गंमत अशी की प्रीतमरावांनाही तसंच वाटे! बाई वयाबरोबर तापट झाली, काही केलं तरी हिचा पारा चढलेलाच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याचं त्यांना वाईटही वाटायचं, पण बोलून दाखवणार कोणाला?

या हिवाळ्यात जयवंताबाईंचा आवाज बसला तो उठेचना. डॉक्टरांनी घसा तपासला आणि बजावलं, ओरडणं आजपासून बंद, नाही तर आहे तोही आवाज जाईल. मुलगी दीप्ती बापाच्या कानाशी जाऊन किंचाळली, "पप्पा, आता तरी कानाला मशीन लावा!"

"मशीन म्हाताऱ्यायले लागते," प्रीतमराव म्हणाले. "मले काहून?"

"राहू दे," जयवंताबाई लेकीला म्हणाल्या. "मी काही आता ओरडत नाही. याहिले ऐकू आलं तं आलं."

आणि घर चिडीचूप झालं. दोघं समोरासमोर बसून जेवायची; जयवंताबाई ताटाकडे पाहत हळूच काही म्हणत, ते प्रीतमरावांपर्यंत पोचतच नसे. प्रीतमराव समजले, बायकोनं अबोला धरला. जयवंताबाई समजल्या, नवऱ्याला आपलं बोलणं नकोच आहे. दीप्तीला आधीच्या आरडाओरड्यापेक्षा या शांततेची धास्ती वाटली. उरलेलं आयुष्य ही दोघं अशीच मुक्यानं काढतात की काय, या भीतीनं तिनं लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त काढलं आणि दोघांना थेट अंदमानला धाडून दिलं.

बेट सुरेख होतं, त्यात वाद नाही. निळं पाणी, पांढरी रेती, ताटात ताजा मासा. माशाला तिखटच नव्हतं ही प्रीतमरावांची तक्रार, पण ती नागपूरकराची कुठंही गेला तरी असतेच. खरी पंचाईत संध्याकाळची. तिथं सूर्य साडेपाचलाच बुडतो. मानेवाड्यात या वेळेला माणूस चौकात निघतो, दोघाचौघांत उभा राहतो. इथं खोलीत बसून करायचं काय, तेही न बोलणाऱ्या बायकोसोबत?

रिसॉर्टच्या काउंटरवर काजल नावाची हसरी पोरगी होती. संध्याकाळी पाहुण्यांना काय काय करता येईल ते ती हिंदीत सांगायची. माइकवर गाणी म्हणा, पेटत्या मशालींचे खेळ पाहा, गळ टाकून मासे धरा, अंधारात चमकणारं पाणी पाहायला होडीतून जा. प्रीतमराव सगळ्यालाच मान डोलवायचे. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी दोघं होडीत बसली. वल्हं पाण्यात पडलं की पाणी निळंनिळं उजळायचं. जयवंताबाई हरखून काहीतरी म्हणाल्या. प्रीतमराव म्हणाले, "हो हो, बरोबर हाये." जयवंताबाईंनी तोंड फिरवलं ते किनारा येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी काजलनं विचारलं, "अंकल, डिस्को में आप दोनों का नाम लिखूँ?"

"हां हां," अंकल म्हणाले.

चहानंतर दोघं किनाऱ्यावर पोचली आणि बघतच राहिली. कासवं अंडी घालायला येतात म्हणून रिसॉर्टनं किनाऱ्यावर लाउडस्पीकर बंद ठेवले होते. प्रत्येकाच्या कानाला मोठाले हेडफोन, गाणं काय ते त्याच्यात. बाहेर सगळं सामसूम, आणि त्या सामसुमीत पन्नासेक माणसं हातपाय झाडत उड्या मारत होती! प्रीतमरावांना तसंही सगळं जग असंच दिसायचं, म्हणून त्यांना काही नवल वाटलं नाही. जयवंताबाईंनी मात्र पदर तोंडाला लावला आणि पोट धरून हसल्या. काजलनं दोघांच्या डोक्यावर हेडफोन चढवले.

प्रीतमरावांनी बटण चाचपलं, आवाज शेवटापर्यंत नेला, आणि जागच्या जागी थिजले. ढोलक! नुसती धपधप नाही, तर थापेमागून थाप, वेगळी वेगळी. मागून बासरी. बासरी आहे हे त्यांच्या कानाला कित्येक वर्षांत कळलं नव्हतं. मग काय विचारता! मिरवणुकीत नाचावं तसे गजभिये नाचायला लागले. एक हात वर, रुमाल दातात, गुडघे गेले उडत. तरुण पोरंपोरी बाजूला सरकली आणि त्यांनी काकांभोवती रिंगण धरलं.

जयवंताबाई बघत होत्या. हा माणूस कानात आवाज गेल्याबरोबर असा फुलतो? त्यांनी हेडफोन काढला, गाणी लावणाऱ्या मुलाकडे गेल्या. मघापासून तो मधूनमधून माइकवर काहीतरी बोलायचा आणि सगळे हसायचे, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं.

"बेटा, इसमें बोले तो उनको सुनाई देगा?" मुलानं गाणं कमी केलं आणि माइक पुढं केला.

"अवो," जयवंताबाई हळूच म्हणाल्या, "ऐकू येऊन राहिलं का?"

प्रीतमराव नाचता नाचता थांबले. कोण ही बाई? आवाज ओळखीचा, मऊ, थोडा हसरा. लग्नानंतर रोज पाठीमागून चहाला हाक मारणारा आवाज. त्यांनी गर्रकन वळून पाहिलं.

"जयवंता!" ते ओरडले. कानावर हेडफोन, त्यात मूळचा कारखान्यातला गळा, अख्ख्या किनाऱ्यानं ऐकलं. "तू इतक्या हळू बोलते?"

"मी पहिलेपासून अशीच बोलते," हेडफोनमधून आलं. "तुमाले ऐकू यावं म्हणून ओरडत होती."

"म्हणजे तू चिडून नव्हती?"

"नाही वो. काहून चिडू मी?"

किनाऱ्यावर कोणी नाचत नव्हतं. मराठी कळणारे डोळे पुसत होते, न कळणारे त्यांच्याकडे पाहून. प्रीतमरावांना त्याचं भान नव्हतं. इतकी वर्षं आपण या बाईला तापट म्हणत आलो, आणि ही आपल्यासाठी गळा फोडत होती! त्यांना भयंकर लाज वाटली आणि त्याहून मोठा आनंद झाला. दोन्ही एकदम झाल्यामुळे ते रेतीत मटकन बसले.

"बोल वं अजून," ते म्हणाले. "काहीबी बोल."

कार्यक्रम आटोपला, काजल हेडफोन गोळा करायला आली. प्रीतमरावांनी तो नाइलाजानं काढून दिला आणि सगळं पुन्हा मुकं झालं. दोघं रेतीतून खोलीकडे निघाली. दिव्याच्या खांबापाशी जयवंताबाई काहीतरी बोलल्या. त्यांचे ओठ हललेले दिसले.

प्रीतमराव थांबले. "मले ऐकू नाही आलं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. "काय म्हणाली?"

जयवंताबाईंनी हातानंच 'जाऊ द्या' केलं.

"जाऊ नाही देत. सांग."

मग त्या चवड्यांवर उंच झाल्या आणि त्यांच्या कानाला तोंड लावून म्हणाल्या, "काही नाही वो. गार वारा सुटला, टोपी घाला म्हटलं."

प्रीतमरावांनी खिशातून टोपी काढून डोक्यावर चढवली. वारा सुटला, टोपी घाला. एवढंसं कोणी ओरडून थोडंच सांगतं! होडीत काय म्हणाली असेल, रोज जेवताना काय काय म्हणाली असेल, देव जाणे.

"दीप्तीले फोन लाव," ते म्हणाले. "दोन्ही कानायले मशीन लावतो म्हणावं."