एका पडद्यावर दोघं

उसाने भरलेली ट्रॉली उलटली तेव्हा माझा धाकटा भाऊ ट्रॅक्टरवर होता. जीव वाचला, पण पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गेलं. उजवा हात पहिल्यासारखा राहिला. डाव्या हाताची बोटं हलतात, पण अंगठ्यात जोर राहिला नाही. नेकनूरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत त्याची खाट आहे. आई दिवसभर त्याच्याजवळ असते. मी बीडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, संध्याकाळच्या एसटीने घरी येते आणि मग आईला मोकळं करते.

पडून राहिलेल्या माणसाला मोबाइलशिवाय दुसरं काय असणार? तो तासन् तास इतर लोक गेम खेळतानाचे व्हिडिओ बघत बसायचा. त्यातला एक गेम त्याच्या फार मनात भरला होता. दोन सोबती डोंगराळ मुलखातून वाट काढत जातात, एकाला दुसऱ्याचा हात धरून कडे चढावे लागतात. टीव्हीचा पडदा मधोमध कापलेला, अर्ध्यात एक जण, अर्ध्यात दुसरा.

एक दिवस म्हणाला, "आक्का, ह्ये आपन दोघं खेळू की. मावशीकडं खेळायचो तसं."

लहानपणी आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर गेले की आम्ही दोघं चौसाळ्याला मावशीकडे राहायचो. तिच्याकडे पिवळ्या कॅसेटचा टीव्ही गेम होता. त्याच्या दुसऱ्या रिमोटला सुरू करायचं बटणच नव्हतं, म्हणून पहिला रिमोट कायम याचा. मी मोठी असूनही कायम दुसरी. सहा महिने आईवडिलांची आठवण येऊ नये म्हणून आम्ही जे जे केलं, त्यात तो गेम सगळ्यात वरचा.

अपघातानंतर त्याने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मी बीडच्या एका दुकानात गेले. नव्या कन्सोलचे दोन प्रकार होते, एक मोठा, काळा, आणि एक छोटा, पांढरा. मोठा दुकानात नव्हता, मागवायला वेळ लागणार होता. मी विचारलं, "या छोट्यावर दोघांना एकत्र खेळता येतं ना?"

"दोघं काय ताई, चौघं खेळा. रिमोट तेवढे जास्तीचे घ्या," दुकानदार म्हणाला.

मी दोन रिमोट घेतले आणि खोकं मांडीवर घेऊन एसटीत बसले.

गेम उतरवून घ्यायलाच आठवडा गेला. आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर नीट मिळते. मी मोबाइल पाण्याच्या टाकीवर ठेवायचा, त्याचं नेट खाली मशीनला जोडायचं आणि त्याने खाटेवरून ओरडून सांगायचं, "वाढलं! आजून थोडं वाढलं!" आईसुद्धा मधूनच विचारायची, "आलं का गं तुमचं?"

शेवटी गेम आला. मी खाटेशेजारी खुर्ची ओढली, त्याच्या पाठीमागे दोन उशा लावल्या. पडद्यावर डोंगर उगवले, वाद्यं वाजली. एकट्याने खेळायचं बटण उजळलेलं होतं. त्याखालचं, दोघांचं, करड्या रंगात मिटलेलं. त्याने दाबलं, मी दाबलं. काही होईना.

"माझंच काय तरी चुकत आसंल," तो म्हणाला.

मोबाइलवर शोधल्यावर कळलं की चूक कुणाचीच नव्हती. जगभरातले लोक त्यावर चिडून लिहीत होते. गेम बनवणाऱ्यांचा खुलासाही होता. इंग्रजीत असल्यामुळे त्याने मला वाचायला दिला. छोट्या मशीनची मेमरी कमी आहे, दोन खेळाडूंची दोन दृश्यं एकाच वेळी काढणं त्याला शक्य होत नाही, म्हणून ही सोय फक्त मोठ्या मशीनवर ठेवली आहे, असं त्यात नम्रपणे लिहिलं होतं.

मी समजावून सांगितलं. त्याने त्या पांढऱ्या डब्याकडे बघितलं.

"मंग त्येला बी दोघांचा भार झेपंना म्हन की."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात फोन केला. "खोकं फोडलं ना ताई? आता परत कसं घेणार?" दुकानदार म्हणाला. "मशीन एकदम चांगलंय. त्यो गेमच तसला हाय." माझ्याकडे भांडायलाही काही नव्हतं. मी विचारलं ते त्याने खरंच सांगितलं होतं. या एका गेमचं नाव घेऊन विचारायला हवं, हे मला कुठं ठाऊक होतं?

भाऊ मग एकटाच खेळायला लागला. पण गेममधला माणूस चालवायची रिमोटवरची काडी असते डाव्या अंगठ्याखाली. जरा वेळात त्याचा अंगठा घसरायला लागायचा आणि पडद्यावरचा गडी जागच्या जागी गोल फिरायचा. शोधता शोधता मला एक सोय सापडली. दोन रिमोट जोडून एकच खेळाडू चालवता येतो, अर्धी बटणं एकाने दाबायची, अर्धी दुसऱ्याने. मला इतका आनंद झाला की एसटीतून उतरल्यावर मी घरी जवळजवळ पळतच गेले.

"तू बघायचं, चढायचं, उडी मारायची," मी म्हणाले. "चालवते मी."

पहिल्यांदा मजा आली. तो बघायचा एकीकडे, मी चालायचे भलतीकडे. गडी दोनदा दरीत पडला. भाऊ हसला, आई आतून बघायला आली. किती दिवसांनी त्या खोलीत हसण्याचा आवाज झाला होता.

मग हळूहळू माझा हात बसला आणि तो गप्प होत गेला.

"आक्का, थांब. मला तिकडं न्हाई जायचं."

"अरे, वाट तिकडंच आहे ना."

"आसू दे की वाट. मला जरा त्या झाडाखाली हुभं ऱ्हायचं होतं."

मी गड्याला झाडाखाली नेलं. नीट उभं केलं. त्याने रिमोट छातीवर ठेवून दिला.

"हितं बी माझं पाय तूच का म्हून?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "दिवसभर उचलून ठिवताच की तुमी मला. हितं तरी कुनी नेऊ नका."

रिमोट हातात तसाच राहिला. पडद्यावर गडी झाडाखाली उभा राहून श्वास घेत होता. आईने आतून जेवायला हाक मारली, तेव्हा मी टीव्ही बंद केला. तो गेम आम्ही पुन्हा लावला नाही.

पुढं त्याने स्वतःच एक ट्रकचा गेम शोधला. सेटिंगमध्ये जाऊन गाडी वळवायची काडी उजव्या अंगठ्याखाली आणली. हा गेम नेटवरून खेळायचा, त्यात कुठले कुठले लोक एकत्र गाड्या पळवतात. कानाला हेडफोन लावून तो त्यांच्याशी हिंदीत बोलतो. दुसरा रिमोट कपाटावर पडून आहे. मी आले तरी आता तो "बस" म्हणत नाही.

परवा संध्याकाळी मी त्याला कुशीवर वळवायला गेले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने वळवावंच लागतं. तो खेळत होता.

"थांब आक्का. नेटवरचा गेम मधीच थांबवता येत न्हाई."

मी पावडरचा डबा घेऊन उभी राहिले. तिकडून कुणीतरी विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "हाँ भाई, असली में भी गाडी चलाता हूँ. अभी लोड खाली करके आया."

आईने माझ्याकडे बघितलं. "काय म्हंतोय गं?"

"काही नाही. खेळातलं बोलतोय."

फेरी संपली तशी मी त्याला वळवलं. तोंड भिंतीकडे गेलं, हेडफोन उशीत दबला. त्यातून बारीक आवाज आला, "भाई, कहाँ गया?"

तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "गाडी के नीचे हूँ. टायर देख रहा हूँ." पण माइक घसरून गळ्यापाशी गेला होता, पलीकडे ऐकू गेलं नसावं. तो आवाज पुन्हा तेच विचारत राहिला.

मी माइक वर ओढून त्याच्या ओठांजवळ नीट लावून दिला आणि पाठीला पावडर लावायला घेतली.