आप्पांचा डबा

परवा मी दवाखान्यात चुकीचा डबा घेऊन गेलो.
आज सकाळी आप्पा गेले.

अजून खरं वाटत नाहीये. मघापासून दोनदा त्यांचाच नंबर लावायला गेलो, त्यांनाच सांगायला की आप्पा गेले म्हणून.

आप्पा म्हणजे औशाचे फोटोवाले बसवराजआप्पा. स्टँडजवळ छोटा स्टुडिओ. तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे पासपोर्ट फोटो त्यांच्या हातचे.
"मान वर. एवढी न्हाई. हासू नका, फॉर्मला लावायचाय."

रविवारी मात्र शटर खाली आणि आप्पा पाखरांमागे. मी लातूरला शाळेवर मास्तर. एकदा तळ्यावर आमची गाठ पडली आणि माझेही रविवार गेले.

बाकीच्यांच्या टेलिफोटो लेन्सा हातभर लांब. आप्पांची पाचशे एमएमची, पण वीतभरसुद्धा नाही. कारण आत आरसे. उजेड आरशांवरून मागे-पुढे फिरतो, त्यामुळे नळी आखूड आणि जाड.
नांदेडच्या एका म्हाताऱ्या प्रेस फोटोग्राफरकडून सेकंडहँड आणलेली.

तिचं टोपण पहिल्याच महिन्यात हरवलं. आप्पांनी काकूंच्या चटणीच्या डब्याचं स्टीलचं झाकण लावून पाहिलं.
फिट्ट बसलं.
तेव्हापासून त्या लेन्सचं नाव डबा. काकूंच्या चटणीवर तेव्हापासून पालथी वाटी.

"लोक फोटोपायी शेत इकतेत, ह्यांनी माझं झाकण पळवलं," काकू येईल त्याला सांगायच्या.

या लेन्सची एक खोड आहे. मागे पाण्यावर ऊन चमकत असलं, की फोटोत त्या प्रत्येक चमकीची एक गोल रिंग उमटते. मधे भोक असलेली.
एकदा मी आप्पांच्या बगळ्याच्या फोटोतल्या सगळ्या रिंगा कॉम्प्युटरवर दोन तास बसून पुसल्या. मोठ्या तोऱ्यात त्यांना दाखवायला गेलो.

आप्पांनी चष्मा वर केला.
"मास्तर, माझे मेदूवडे कुणी खाल्ले?"
"आप्पा, क्लीन केलं जरा."
"अहो, तिच्या डोळ्यात मधोमध आरसा हाय. तिला जग असंच दिसतंय. तिची नजर कशाला पुसून राहिले?"

मी पुन्हा कधी पुसलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी डबा मागून आणला. "दोन दिवसांत देतो आप्पा."
मग परीक्षा आल्या. मग लग्नं. मग माझा नेहमीचा आळस.
त्यांनी एकदाही मागितला नाही. मागितला असता तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात छातीत दुखलं म्हणून त्यांना लातूरला दाखल केलं. तब्येत सुधारत होती. दोन-चार दिवसांत घरी सोडणार होते.

परवा सकाळी त्यांचा फोन.
"मास्तर, काय करून राहिले?"
"पेपर तपासतोय."
"इकडं येताना डबा आणा. लई निकड हाय."

मी बायकोला सांगितलं. तिने भाकरी, बिनतिखटाचं वरण, दोडक्याची भाजी केली. मी ऐटीत घेऊन गेलो.

आप्पांनी झाकण उघडलं. भाकरीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.
आणि असे हसले की काकूंना पाठीवरून हात फिरवावा लागला.
"अहो, ह्यो न्हाई! आपला डबा!"

मग खिडकीकडे बोट दाखवलं. समोरच्या मोबाईल टॉवरवर घारीचं घरटं. पिल्लू काठावर येऊन पंख झाडत होतं.
"दोन दिसांत उडतंय बघा. मोबाईलमध्ये निस्ता ठिपका येऊन राहिला."
"उद्या आणतो आप्पा. नक्की."
"नक्की?"
"हाव."

अर्धी भाकरी खाल्ली त्यांनी. "घरी सांगा, डबा लई झ्याक होता. फक्त चुकला."

काल मी गेलो नाही.
शाळेत मीटिंग होती. ती कशाची होती, हे आता मला आठवतसुद्धा नाही. संध्याकाळी फोनवर म्हणालो, "उद्या सकाळी शाळेच्या आधी येतो."
"बरं. पिल्लाला थांबाय सांगतो."

आज साडेसातला डबा घेऊन जिना चढलो. काकू बाकावर बसल्या होत्या. नुसतं वर बघितलं त्यांनी.
"आत्ताच," म्हणाल्या.

आत कॉटवर चादर तोंडापर्यंत ओढलेली. माझ्या खांद्यावर कॅमेऱ्याला लावलेला डबा.
मी खिडकीतून बाहेर बघितलं.

पिल्लू थांबलं होतं.

काय झालं माहीत नाही, मी झाकण काढलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. या लेन्सला फोकस हातानेच करावा लागतो. डोळ्यांना दिसत नव्हतं. एकच फोटो काढला. नंतर मान वर केली तेव्हा घरट्याचा काठ रिकामा होता.

तो फोटो खाली टाकलाय. पिल्लू पार धूसर आलंय. मागे कडुलिंबाच्या पानांवरचं ऊन, त्याचे वडेच वडे.
एकही पुसलेला नाही.

दुपारी औशाला माती झाली. निघताना मी डबा काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा केला. झाकण काढून पदराने पुसलं आणि जवळ ठेवलं.
"एवढं माझं हाय. बाकीचा तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, मास्तर."
सकाळपासून त्या रडल्या नव्हत्या. त्या झाकणाकडे बघून रडल्या.

श्रद्धांजली लिहायचं तोंड मला नाही.

आप्पा, बरोबर डबा आणला होता हो.
एक दिवस उशीर झाला. माफ करा.